वर्किंग फॉर वॉटर

वर्किंग फॉर वॉटर : दक्षिण आफ्रिकेत पाणलोट क्षेत्रांतील परदेशी आक्रमक झाडेझुडपे सरकारी खर्चाने काढून नद्या-धरणांचे पाणी वाचवणारा कार्यक्रम. नेल्सन मंडेला यांच्या मंत्रिमंडळातील जल व वन खात्याचे मंत्री कादर अस्मल यांनी तो १९९५ मध्ये सुरू केला. त्याच सरकारच्या पुनर्बांधणी व विकास कार्यक्रमातून त्यासाठी प्रारंभी अडीच कोटी रँड (तिथले चलन) मिळाले.

‘पाण्यासाठी झाडे लावा’ हे शाळेपासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला पाण्यासाठी झाडे तोडणे उलटे वाटेल. पण केप भागातील डोंगरांवर मुळात मोठी झाडे फारशी नाहीतच. तिथे फाइनबॉस नावाचे खुरटे, बेताने पाणी पिणारे झुडपी रान आहे. लाकूड, कातडी कमावण्यासाठी टॅनिनची साल आणि वाळू धरून ठेवणे अशा कारणांसाठी पाइन, निलगिरी, ब्लॅक वॉटल व इतर ऑस्ट्रेलियन बाभळी बाहेरून आणल्या गेल्या. त्यांचे बी लागवडीबाहेर पसरले आणि ओढ्याकाठी रान माजले. स्टेलेनबॉशजवळच्या योंकर्सहुक खोऱ्यात १९३० च्या दशकापासून ओढ्यांचे पाणी मोजले जात आहे. पाइन लावलेल्या पाणलोटांत झाडे वाढत गेली तसे ओढ्याचे पाणी कमी होत गेल्याचे या नोंदींत स्पष्ट दिसते. १९९८ च्या अंदाजानुसार सुमारे १ कोटी हेक्टरांवर ही झाडे पसरली होती आणि वर्षाला ३३० कोटी घनमीटर, म्हणजे देशातील नद्यांच्या सरासरी वार्षिक प्रवाहाच्या ७ टक्क्यांच्या आसपास पाणी त्यांच्यामुळे घटत होते. २०१६ च्या फेरअंदाजात हा आकडा १४४ कोटींवर आला, तरी तो लहान नाही.

निव्वळ निसर्गरक्षणासाठी एवढा पैसा मिळाला नसता. निधी टिकला तो रोजगारामुळे. गावातील बेकारांच्या टोळ्या करून त्यांना ठरावीक तुकडा साफ करण्याचे कंत्राट दिले जाते. ६० टक्के स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट होते. महाराष्ट्राची रोजगार हमी जवळून पाहिलेल्यांना यातले मनुष्यदिवसांचे हिशेब ओळखीचे वाटतील, आणि त्यातली गोमही.

गोम अशी की तोडणी हा कामाचा सोपा भाग आहे. वॉटल जमिनीलगत कापून खुंटावर लगेच तणनाशक लावावे लागते. कोणता खुंट राहिला हे कळावे म्हणून त्यात रंग मिसळतात. तरीही मातीत पडलेले कडक कवचाचे बी कित्येक दशके जिवंत राहते. वणव्याच्या उष्णतेने कवच तडकते आणि राखेतून दाट रोपे उठतात. ही रोपे वेळेवर, पुन्हा पुन्हा काढली नाहीत तर पहिला खर्च पाण्यात जातो. निधी लांबला की टोळ्या घरी बसतात. रोपे मात्र वाढतच राहतात. पहिल्या सुमारे पंधरा वर्षांत ३२० कोटी रँड खर्चूनही बाधित क्षेत्राचा अगदी थोडा भाग हाताळला गेला आणि एकूण फैलाव वाढतच राहिला, असे २०१२ मधील एका मूल्यमापनात आढळले. किती हेक्टर तोडले याच्या नोंदी होत्या, पण तिथे पुढे काय उगवले याच्या नोंदी तोकड्या होत्या.

त्या मानाने स्वस्त उपाय म्हणजे शत्रुकीटक, म्हणजे या झाडांवरच जगणारे कीटक सोडणे. मात्र वॉटलची साल हा धंदा आहे आणि तिच्या लाकडावर गरिबांच्या चुली पेटतात. त्यामुळे झाड न मारता फक्त फुलोरा व बी बाद करणारे कीटकच सोडले गेले. जलपर्णीवर सोंडकिडे सोडण्याचे काम कार्यक्रमाच्या आधीपासूनच चालू होते. पुण्याच्या नद्यांतली जलपर्णी हीच. तिच्यावर महापालिकेचा पैसा दरवर्षी खर्च होतो आणि ती दरवर्षी परत येते.

काढलेल्या लाकडापासून शाळांची बाके आणि स्वस्त शवपेट्याही बनवल्या गेल्या. २०१८ मध्ये केपटाउनचे नळ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न शहरी नागरिकांपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी सरकारी निधीला जोड म्हणून महापालिका, खासगी देणगीदार आणि निसर्गसंस्था यांचा सामाईक जलनिधी उभा राहिला. शहराच्या धरणांवरील डोंगरांतून पाइन व बाभळी काढण्याचे काम त्यातून चालते.