भरपाई गोळा करणं वेगळं, पोचती करणं वेगळं

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'जर्मनीने नोटा छापून भरपाई फेडली, म्हणून महागाई भडकली.' सोबत हातगाडीभर नोटांचा फोटो. त्या फोटोचा मला मनापासून कंटाळा आलाय.

भरपाई म्हणजे हरलेल्या जर्मनीने जिंकलेल्या देशांना द्यायची युद्धाची नुकसानभरपाई. त्यात कामं दोन होती. पहिलं म्हणजे सरकारने जनतेकडून पैसा काढायचा. कर वाढवा, खर्च कापा, शिव्या खा. हे सगळ्यांना कळतं, बजेटच्या दिवशी आपण तेच बघतो.

दुसरं काम तो पैसा सीमेपलीकडे पोचवण्याचं, आणि सगळी गल्लत इथेच होते. मे 1921 मध्ये लंडनला ठरलेली रक्कम 132 अब्ज सुवर्ण मार्क होती. मार्क हे जर्मनीचं चलन, पण इथे सुवर्ण, म्हणजे सोन्याच्या मोलाने मोजलेले, कागदी नव्हे. बर्लिनच्या छापखान्यातली नोट पॅरिसला काय कामाची? फ्रान्सला हवं होतं सोनं, डॉलर, पौंड, नाहीतर सरळ कोळसा. जर्मनीला डॉलर छापता येत नव्हते. मिळवायचे तर आयातीपेक्षा निर्यात जास्त हवी, म्हणजे जर्मन पोलाद, रंग, यंत्रं कुणीतरी विकत घ्यायला हवीत. आणि वसुलीला बसलेल्यांच्याच कारखानदारांना हा स्वस्त माल दारात नको होता! उधारी फेड म्हणायचं आणि दुकान उघडू द्यायचं नाही.

मग नोटांचं काय? त्या भरपाई म्हणून दिल्या जात नव्हत्या. त्या बाजारात ओतून परकीय चलन विकत घेतलं जात होतं. ऑगस्ट 1921 मध्ये एक अब्जाचा हप्ता गेला आणि मार्क घसरत सुटला. घरच्या तुटीसाठी छपाई होती ती वेगळीच. नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते, पण त्या वर्षी जर्मनीच्या रूर या औद्योगिक खोऱ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या फौजा घुसल्यावर बर्लिनने त्या दोघांची भरपाई थांबवलेली होती. नोटा जात होत्या या फौजांच्या निषेधात काम बंद ठेवलेल्या कामगारांच्या पगाराला.

1924 मध्ये भरपाईचे हप्ते नव्याने बसवणाऱ्या डॉज योजनेने ही दोन कामं नियमातच वेगळी केली. जर्मनीने राइशबँकेतल्या, म्हणजे तिच्या मध्यवर्ती बँकेतल्या, खात्यात मार्क भरायचे, की तिची जबाबदारी संपली. ते परकीय चलनात बदलायचे कधी आणि किती, हे धनकोंच्या समितीने बघायचं. मार्क डळमळला तर थांबायचं. पुढची काही वर्षं हप्ते सुरळीत गेले, कारण डॉलर येत होते अमेरिकन कर्जांतून.