सागरतळ पुन्हा जिवंत होतो तो कसा?

गोव्याच्या किनाऱ्यालगतचा समुद्रतळ दरवर्षी काही आठवडे गुदमरतो, ही गोष्ट रोज मासळीबाजारात जाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागाकडे चढून येते; त्याच वेळी पाऊस आणि मांडवी-जुवारीसारख्या नद्या समुद्रावर गोड्या पाण्याचा हलका थर पसरतात आणि या थरामुळे हवेतला प्राणवायू खाली पोहोचेनासा होतो. वर वाढलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मरून तळाशी पडते. ते कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायू संपवतात, मग पाण्यातले नायट्रेट वापरतात आणि तेही संपले की सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंची पाळी येते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास कांदोळीसमोर जेमतेम २५-३० मीटर खोलीवर, तळालगतच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सापडतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या ठिकाणचे पाणी वर्षानुवर्षे तपासले असून, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील या प्राणवायू-टंचाईकडे २००० साली त्यांच्या शोधनिबंधामुळे जगाचे लक्ष वेधले गेले.

पुढे वारे बदलतात, किनारी प्रवाहाची दिशा उलटते, वरचे पाणी खाली उतरू लागते आणि डिसेंबरपर्यंत तळाला पुन्हा प्राणवायू मिळतो. गाळातल्या जिवांची वस्तीही परतते. आधी दिसतात ते पॉलिकीट गटातले लहान, लवकर वाढणारे आणि लवकर प्रजनन करणारे कृमी. शिंपले, खेकडे आणि मोठे बिळकरी जीव मागाहून येतात. इतक्या झटपट सावरणे शक्य होते याचे कारण साधे आहे. आसपासच्या निरोगी पाण्यातून डिंभक, म्हणजे पाण्यात तरंगणारी पिल्ले, वाहत येतात आणि मोकळ्या गाळावर उतरतात. तळ एका ठिकाणी ओस पडला तरी शेजार शाबूत असतो.

महाविलोपनाचा, म्हणजे जगभरातल्या असंख्य प्रजाती एकदम नष्ट होण्याचा, प्रश्न नेमका इथे वेगळा होतो. शेजारही मेलेला असेल तर डिंभक येणार कुठून? आणि जो आघात ओसरायला हवा तो ओसरलाच नाही तर आलेले डिंभक टिकणार कसे? सागरतळ किती काळात सावरतो, याचे उत्तर माझ्या मते मुख्यतः या दोन प्रश्नांतच दडलेले आहे. किती टक्के प्रजाती नष्ट झाल्या हा आकडा डोळ्यांत भरतो, पण केवळ त्यावरून सावरण्याचा काळ सांगता येत नाही.

सर्वांत मोठा धडा २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. पर्मियन कालखंडाच्या अखेरीस सैबेरियात प्रचंड प्रमाणावर लाव्हा ओसंडला, वाटेतले कोळशाचे आणि क्षारांचे थर तापून त्यांतून कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायू वातावरणात गेले, पृथ्वी तापली, समुद्र आम्लधर्मी होत गेला आणि कोमट पाण्यात प्राणवायू टिकेना. चीनमधील मेइशान येथील खडकांच्या अचूक कालमापनावरून या विनाशाचा मुख्य टप्पा काही दशसहस्र वर्षांत आटोपला असे दिसते. समुद्रातील ८० टक्क्यांहून अधिक प्रजाती संपल्या. आधीच विरळ झालेले ट्रायलोबाइट हे कवचधारी संधिपाद प्राणी कायमचे गेले, तेव्हाच्या प्रवाळांचे दोन्ही मोठे गट गेले आणि समुद्री लिली व समुद्री अर्चिन या प्राण्यांचे मोजकेच वंश उरले.

या घटनेची साक्ष पाहण्यासाठी भारताबाहेर जाण्याची गरज नाही. श्रीनगरजवळच्या खुनमोह गावाच्या वर असलेल्या गुरयुल दरीत तेव्हाच्या समुद्रतळाचा गाळ थरांच्या रूपाने उभा आहे आणि त्यात पर्मियनकडून त्यानंतरच्या ट्रायासिक कालखंडाकडे जाणारी सीमा ओलांडता येते. सीमेच्या खालच्या खडकांत जीवाश्मांची विविधता आहे. वरच्या भागात क्लाराया नावाच्या शिंपल्याच्या पातळ, चपट्या ठशांची गर्दी दिसते. जातीने मोजके, संख्येने भरमसाट. जगात अनेक ठिकाणी हेच चित्र आढळते. क्लारायाची राहणी समजून घ्यायची असेल तर गोव्यात एक चांगला आधार आहे. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या अर्धपारदर्शक शिंपल्यांची तावदाने बसवलेली दिसतात, तो प्लाकुना हा शिंपला आजही चिखलीजवळ जुवारीच्या उपसागरात चिखलावर आडवा पडून जगतो. त्याचे आणि क्लारायाचे नाते दूरचे आहे आणि चिखली उपसागराची परिस्थिती ट्रायासिक समुद्रासारखी अजिबात नाही. तरीही मऊ गाळात बुडू नये म्हणून हलके, रुंद आणि कागदासारखे पातळ कवच, ही युक्ती दोघांच्या अंगी दिसते. क्लारायाला याखेरीज कमी प्राणवायूही चालत असे, आणि त्या काळात तोच गुण मोलाचा ठरला.

क्लारायाच्या जोडीला लिंग्युला हा ब्रॅकिओपॉड होता. बाहेरून शिंपल्यासारखा दिसला तरी हा प्राणी वेगळ्या संघातला. लांब देठाच्या आधारे तो गाळातल्या उभ्या बिळात राहतो आणि भारताच्या किनाऱ्यांवर अजूनही सापडतो. अशा जिवांना पुराजीवशास्त्रज्ञ आपत्तिकालीन जीव म्हणतात. इतर सारे गेल्यावर मोकळी झालेली जागा ते व्यापतात आणि परिस्थिती सुधारली की मागे पडतात. याच थरांत वाचलेल्या वंशांचे शंख-शिंपलेही आपल्या पूर्वजांपेक्षा बुटके आढळतात. वयात येण्यापूर्वीच मरण येणे, अन्न आणि प्राणवायू अपुरा पडणे आणि मोठ्या शरीराच्या प्रजातीच आधी नष्ट होणे, अशी कारणे त्यामागे एकत्रितपणे असावीत.

मला मात्र सर्वांत बोलका पुरावा कवचांपेक्षा गाळाच्या पोताचा वाटतो. निरोगी समुद्रतळावरच्या गाळाचे थर नीट वेगळे दिसत नाहीत, कारण कृमी, कोळंबीवर्गीय जीव आणि खुबे-तिसऱ्यांसारखे शिंपले तो सतत उकरत, गिळत आणि वरखाली करत असतात. ट्रायासिकच्या आरंभीच्या अनेक खडकांत हे ढवळणे नाहीसे झालेले दिसते. बारीक थर जसे साचले तसेच एकावर एक राहिले आहेत आणि काही उथळ समुद्रांत जीवाणूंच्या चटयांनी बांधलेले चुनखडीचे घुमट पुन्हा उगवले आहेत. प्राणी चरत आणि उकरत असताना अशा घुमटांना सहसा थारा मिळत नाही. तळ जणू अब्जावधी वर्षे मागे, जीवाणूंच्या ताब्यात गेला होता.

ढवळणे थांबले की तोटा केवळ बिळकरी जिवांचा होत नाही. बीळ म्हणजे प्राणवायूला गाळात उतरण्याची वाट असते. ती बुजली की पृष्ठभागाखाली लगेच सल्फाइड साचते, स्फुरद आणि नत्र यांची गाळ-पाण्यातली देवघेव बदलते आणि वर पडलेला सेंद्रिय पदार्थ वेगळ्या रीतीने कुजतो. म्हणूनच बिळे परतली की नाही, हे सागरतळ सावरल्याचे प्रजातींच्या यादीइतकेच महत्त्वाचे लक्षण मानले जाते.

दक्षिण चीनमधील अनेक ठिकाणच्या अशा खुणांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातून परतण्याचा क्रम बराच उलगडला. गाळ गिळून त्यातले अन्न मिळवणारे मऊ अंगाचे जीव आधी सावरले. पाणी गाळून त्यातले कण खाणारे, एका जागी बसलेले जीव मागे राहिले. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाने भरलेला गाळ पहिल्या गटासाठी ताटात वाढून ठेवलेला होता, आणि त्यांनी उकरून उडवलेल्या बारीक कणांमुळे दुसऱ्या गटाला स्थिरावणे आणखी कठीण झाले असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. गोव्यासमोर दर हिवाळ्यात पॉलिकीट आधी आणि मोठे शिंपले नंतर येतात, तो क्रम याच्याशी मिळताजुळता आहे. मात्र तेथे जे महिन्यांत घडते, त्याला ट्रायासिकमध्ये लाखो वर्षे लागली.

इतका उशीर का, याचे उत्तर समुद्राच्या तापमानात सापडते. ईलसारख्या दिसणाऱ्या कोनोडॉन्ट या प्राण्यांच्या दातांसारख्या सूक्ष्म अवयवांत ऑक्सिजनची समस्थानिके, म्हणजे त्याच मूलद्रव्याची कमी-अधिक वजनाची रूपे, टिकून राहतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून पाणी किती तापले होते याचा अंदाज करता येतो. दक्षिण चीनमधून मिळालेल्या अशा अवयवांवरून ट्रायासिकच्या आरंभी विषुववृत्ताजवळच्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान काही काळ ४० अंश सेल्सियसच्या आसपास गेले असावे, असे २०१२ साली मांडले गेले. कार्बनच्या समस्थानिकांचा आलेखही त्या पन्नास लाख वर्षांत पुनःपुन्हा हेलकावे खाताना दिसतो. म्हणजे आघात एकदाच बसला नाही. तो थांबून थांबून बसत राहिला आणि दर वेळी नुकतीच उभी राहिलेली वस्ती पुन्हा विस्कटली. गुंडाळीदार शंखाच्या, पोहणाऱ्या अमोनाइटांनी दहा-वीस लाख वर्षांतच नव्या जातींची रेलचेल केली होती, पण तळावरचे गुंतागुंतीचे जीवन बहुतेक ठिकाणी मध्य ट्रायासिकपर्यंत, म्हणजे सुमारे ५० लाख ते एक कोटी वर्षे, खोळंबून राहिले. अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. अमेरिकेतील आयडाहो राज्यातील आणि चीनमधील गुइयांगजवळील जीवाश्मसंचांत विनाशानंतर केवळ दहा ते तीस लाख वर्षांतच आश्चर्य वाटावे इतके विविध जीव दिसतात. त्यामुळे सारे जग एकाच वेळी, एकाच गतीने सावरले, असे चित्र रंगवणे बरोबर ठरणार नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहे. गोव्याच्या ईशान्य सीमेपलीकडे सह्याद्रीचा जो काळा बेसाल्ट सुरू होतो, तो घडवणारे ज्वालामुखी त्या काळात धगधगत होतेच. पण क्रेटेशियस कालखंडाच्या अखेरीस निर्णायक घाव घातला तो मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाजवळ, चिक्सुलूब येथे आदळलेल्या लघुग्रहाने. समुद्राच्या वरच्या थरातले चुनखडी कवचाचे प्लवक जवळजवळ संपले. तरीही खोल तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांच्या बहुतेक प्रजाती तगल्या, हे मला आजही विलक्षण वाटते. २०१६ साली प्रत्यक्ष विवराच्या आतल्या वर्तुळाकार उंचवट्यात खोदून काढलेल्या खडकाच्या गाभ्यात, आघातानंतर अवघ्या काही वर्षांत साचलेला सुमारे ७६ सेंटीमीटरचा थर मिळाला. त्याच्या वरच्या भागात बिळांच्या खुणा आणि फोरॅमिनिफेरा आहेत. जेथे घाव बसला तेथेच, वितळलेल्या आणि चुरा झालेल्या खडकावर, काही वर्षांत कृमी उकरू लागले होते! सुमारे ३०,००० वर्षांत तेथे भरपूर उत्पादन देणारी परिसंस्था उभी राहिली. घाव एकदाच बसला आणि खोल तळावरचा शेजार वाचला, या दोन गोष्टींचा हा परिणाम मानता येईल. प्रजातींची संख्या पूर्ववत व्हायला अर्थातच यापेक्षा कितीतरी अधिक काळ, लाखो वर्षे, लागला.

सावरणे म्हणजे पूर्वीचेच परत येणे, असे मात्र दोन्ही वेळी झाले नाही. पर्मियनच्या अखेरीस तळावर जगण्याच्या जवळजवळ सर्व रीती एखाद-दुसऱ्या वंशाच्या आधाराने टिकल्या होत्या, पण त्या रीती पुढे चालवणारे जीव बदलले. ब्रॅकिओपॉडांचे वर्चस्व गेले आणि शिंपले पुढे आले. जुने प्रवाळ गेले आणि मध्य ट्रायासिकमध्ये प्रवाळांचा पूर्णपणे नवा गट अवतरला, ज्याचे वंशज आज गोव्याच्या ग्रांद बेटाजवळही आढळतात.

आपल्या काळातली एक तुलना येथे टाळता येत नाही. मध्य हिंदी महासागरात पाच हजार मीटरहून अधिक खोलीवर मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेल्या गोट्या पसरल्या आहेत. त्या उपसल्यास तळाचे काय होईल हे पाहण्यासाठी दोना पावल्याच्या संस्थेने १९९७ साली मुद्दाम गाळ ढवळून एक प्रयोग केला आणि नंतरच्या वर्षांत तेथे पुन्हा जाऊन नमुने घेतले. पेरूजवळच्या खोऱ्यात १९८९ साली नांगरलेल्या तळाची २०१५ मध्ये, आणि प्रशांत महासागरात १९७९ साली यंत्राने ओरबाडलेल्या पट्ट्याची ४४ वर्षांनी पाहणी झाली तेव्हा चरे अजून स्पष्ट होते. गाळावर फिरणारे काही जीव परतले होते. पेरूच्या खोऱ्यात मात्र जीवाणूंचे काम २६ वर्षांनंतरही मंदावलेलेच आढळले. गोट्यांना चिकटून राहणाऱ्या स्पंज आणि प्रवाळांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांना डिंभक मिळाले तरी बसायला कठीण जागा हवी, आणि ती पुरवणारी गोटी दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर इतकीच वाढते.