लायकी वाटत नाही, म्हणजे पाचारण नाही?

‘मठात जायचं तर मन आधीच निर्मळ हवं, स्वतःची लायकी वाटत नसेल तर पाचारण नाहीच.’ पाचारण म्हणजे मठवासी होण्यासाठी देवाचं बोलावणं. कॅथलिक घरांत हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. देवाच्या आदरापोटीच लोक असं मानतात, पण मठांची रीत वेगळी आहे.

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासींसाठी लिहिलेल्या बेनेडिक्टाइन नियमावलीचं ५८वं प्रकरण काढून बघा. नव्या माणसाला सहज आत घ्यायचं नाही; चार-पाच दिवस तो दार ठोठावत राहिला, तरच. मग पारखायचं काय? तो खरोखर देवाला शोधतोय का, प्रार्थना, आज्ञापालन आणि कमीपणा मनापासून स्वीकारतोय का. निष्कलंकपणाची अट तिथे नाही. हीच नियमावली पाळणाऱ्या सिस्टर्शियन या मठवासी संघाच्या परंपरेत तर ‘काय मागतोस?’ या प्रश्नावर जमिनीवर पालथा पडलेला उमेदवार म्हणतो, ‘देवाची आणि संघाची दया.’ मला तर यातच सगळं उत्तर दिसतं. स्वतःला लायक समजणारा दया कशाला मागेल?

खऱ्या अडचणी वेगळ्या. चर्चच्या कायद्यानुसार वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, विवाहबंधन नको, न फिटणारं कर्ज नको. तब्येत, स्वभाव आणि समज पुरेशी हवी.

शिवाय निर्णय एका रात्रीत होत नाही. नवशिष्यपण, म्हणजे मठातला शिकाऊ काळ, किमान १२ महिने, पुढे किमान ३ वर्षं तात्पुरती व्रतं, तेव्हा कुठे कायमची. तोवर परतीची वाट मोकळी असते. म्हणून घरी बसून स्वतःला नापास करू नका. मठाला पत्र लिहा, चार दिवस राहून या, आणि ‘माझी लायकी नाही’ हे तिथल्या मार्गदर्शकांना याच शब्दांत सांगा.