खोट्या विमानातली मास्तरकी

पायलटना शिकवायचं सिम्युलेटर बाहेरून बघितलं तर जरा विचित्रच दिसतं, एक मोठा पांढरा डबा आणि त्याखाली सहा जाड पाय. आत मात्र अस्सल कॉकपिट, तीच बटणं, त्याच सीट, आणि दोन सीटच्या मागे माझी खुर्ची. माझ्यापुढे टचस्क्रीन असतो, त्यावरून मी इंजिनाला आग लावतो, धुकं पाडतो, चाकं अडकवून ठेवतो. या कामात एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे आपण तासन्‌तास समोरच्याला फसवत असतो, आणि नेमकं कुठे फसवतोय हे आपल्यालाच माहीत नसेल तर माणूस शिकायच्या ऐवजी बिघडतो.

फसवायचं कुणाला, तर मुख्यतः कानाला. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोकं फिरलं की त्यांना कळतं. आणि दुसरीकडे एका चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे असतात. गाडीने वेग घेतला की ते खडे मागे सरकतात, आणि तुम्ही नुसती मान मागे टाकली तरी मागेच सरकतात. म्हणजे आपण पुढे ढकललो जातोय की मागे कललोय हे खड्यांना सांगताच येत नाही. डोळे जे सांगतील ते मेंदू खरं मानतो.

बस, सगळा धंदा यावर उभा आहे. टेकऑफला डबा हळूच मागे कलतो, खिडकीतलं चित्र मात्र सपाटच ठेवलेलं असतं, आणि पायलटला वाटतं काय जोर लागतोय पाठीला! १२ अंश कललं की गुरुत्वाच्या साधारण एक पंचमांश धक्का मिळतो, जेट विमानाच्या टेकऑफला तो चालून जातो. फक्त हे कलणं सेकंदाला साधारण ३ अंशांपेक्षा जोरात झालं तर त्या नळ्यांना पत्ता लागतो आणि नाटक उघडं पडतं. पायांना हलायला जागा जेमतेम मीटर-दीड मीटर, त्यामुळे प्रत्येक धक्का दिल्यावर डबा कुणाला कळणार नाही असा हळूहळू मूळ जागी आणावा लागतो, याला आम्ही वॉशआउट म्हणतो. (या यंत्राचा आजोबा म्हणजे एडविन लिंकने १९२९ च्या सुमारास बनवलेला ट्रेनर. तो हवेच्या भात्यांवर डुलायचा, कारण लिंकच्या वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि पियानोचा होता.)

कानाची हीच भोळी चूक खऱ्या विमानात जीव घेते. रात्रीची वेळ, खाली काळा समुद्र, लँडिंग सोडून पायलटने फुल पॉवर दिली, विमान सुसाट पुढे, आणि खडे मागे. बाहेर काहीच दिसत नाही म्हणून डोळे साक्ष देत नाहीत, मग वाटतं नाक फारच वर गेलंय, आणि हात आपोआप नाक खाली दाबतो. २३ ऑगस्ट २००० ला गल्फ एअरचं एक एअरबस बहरीनजवळ असंच समुद्रात गेलं, १४३ माणसं गेली, तपासात या भासाचा उल्लेख आहे. त्यामुळे "पोटाला काय वाटतंय ते सोड, हॉरिझन (नाक वर आहे की खाली ते दाखवणारं यंत्र) बघ" हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की झोपेतही बोलत असेन.

आता सिम्युलेटरला (आम्ही त्याला नुसतं सिम म्हणतो) जे जमतच नाही ते. खऱ्या विमानात उंची न सोडता ६० अंश एका बाजूला कलून वळलात तर अंगावर दुप्पट वजन येतं, गाल लोंबतात. सिममध्ये काहीच नाही, तुम्ही आरामात बसलेले. त्यामुळे डुबकीतून विमान वर काढायला सांगितलं की लोक कंट्रोल बिनधास्त खेचतात, कारण शरीर "अरे पुरे" म्हणतच नाही. मग मागून स्क्रीनवरचा आकडा बघून मलाच ओरडावं लागतं. स्टॉलचंही तेच होतं, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांना विमान उचलून धरता येत नाही तेव्हा. पूर्वी स्टॉलची वॉर्निंग आली की सावरायचं एवढंच शिकवलं जायचं, पूर्ण स्टॉल झाल्यावर विमान कसं वागतं हे सिमच्या गणितात धड भरलेलंच नसायचं. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ चे वेगमापक बर्फाने बंद पडले, गोंधळात नाक वर खेचलं गेलं आणि ते स्टॉल झालेल्या अवस्थेतच अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ मृत्यू. या अशा अपघातांनंतर सिममधली गणितं सुधारली, आणि अमेरिकेत २०१९ पासून एअरलाइन पायलटना पूर्ण स्टॉलचा सराव सक्तीचा झाला.

पण माझ्या मते सिमचं सगळ्यात मोठं खोटं यंत्रात नाहीये. आत बसलेल्याला माहीत असतं की आज काहीतरी बिघडणार, तो इंजिन कधी जातंय याची वाटच बघत असतो. जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीत उतरवलेल्या विमानाचा प्रसंग तपासात सिममध्ये परत उडवून बघितला, तेव्हा पक्षी धडकल्या धडकल्या लगेच वळलेले काही पायलट एअरपोर्टला पोचले. मग माणसाला काय झालंय ते कळायला वेळ लागतो म्हणून ३५ सेकंद उशिरा वळवून बघितलं, तर विमान पोचलं नाही. ते ३५ सेकंद शिकवणं हे खरं अवघड काम. म्हणून मी कधीकधी बराच वेळ काहीच बिघडवत नाही, कंटाळा येऊ देतो, गप्पा सुरू होऊ देतो, आणि मग एखादी बारीकशी चूक सोडतो, आग वगैरे नाही, नुसता एक आकडा हळूहळू चुकीचा होत जातो.

आणि फसतो तो फक्त विद्यार्थीच असंही नाही. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, धुकं, दोन बोइंग ७४७ विमानं एकाच रनवेवर, ५८३ मृत्यू. टेकऑफची परवानगी न मिळताच निघालेलं विमान केएलएम या डच कंपनीचं, आणि त्याचे कॅप्टन कंपनीचे ज्येष्ठ इन्स्ट्रक्टर. एकमेकांवर आदळलेले रेडिओ मेसेज, धुकं, ड्युटीची वेळ संपत आल्याची घाई, कारणं बरीच होती. पण स्पॅनिश तपास अहवालात एक मुद्दा असाही आहे की हा माणूस दहा वर्षांहून जास्त काळ ट्रेनिंग देत होता, आणि सिममध्ये कंट्रोलरचं, म्हणजे टॉवरमधून परवानगी देणाऱ्याचं, काम इन्स्ट्रक्टर स्वतःच करतो, पुष्कळदा तर रेडिओवर काही बोलणंच होत नाही, परवानगीशिवायच टेकऑफ होतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळा आला, कारण वेळ वाचवायला मीही तेच करत होतो. आता सिममध्ये कंट्रोलर मीच असलो तरी क्लिअरन्स, म्हणजे ती परवानगी, पूर्ण शब्दांत देतो, कधी मुद्दाम उशिरा देतो, कधी देतच नाही, आणि मागे बसून बघतो की थ्रस्ट लिव्हरवरचा (इंजिनाचा जोर वाढवायच्या दांड्यावरचा) हात किती वेळ थांबतोय.