एका दारात चार खाती: मराठवाड्यातल्या गावपातळीवरच्या समन्वयाची पार्श्वभूमी

बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात अर्धांगवायू झालेली, एकटी राहणारी विधवा म्हातारी असेल, तर तिच्यासाठी किती उंबरे झिजवावे लागतात ते बघा. बीपीच्या गोळ्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, तेही डॉक्टरांचं बोर्ड बसेल त्या दिवशी. निराधार योजनेची फाइल तहसीलला. घरात नातवंड असेल तर त्याचं वजन आणि पोषण आहार अंगणवाडीत. यातलं एकही काम दुसऱ्या खात्याला विचारून होत नाही.

ही विभागणी जुनी आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६२ मध्ये राज्यभर जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. मोठी रुग्णालयं मात्र राज्य सरकारच्या आरोग्य खात्याकडेच राहिली, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. १९७५ मध्ये अंगणवाड्यांची योजना आली, ती आज महिला व बालविकासकडे आहे. निराधारांचं मानधन महसूल यंत्रणेतून मंजूर होतं. अंबाजोगाईला १९७४ मध्ये ग्रामीण भागासाठी म्हणून वैद्यकीय महाविद्यालय निघालं, ते वैद्यकीय शिक्षण खात्याचं. प्रत्येक पायरी त्या त्या वेळी योग्यच वाटली असणार. फक्त गावात उभं राहून पाहिलं तर या पायऱ्यांचा एक जिना होत नाही.

सगळं एकत्र करून पाहण्याचा पहिला मोठा प्रयोग मराठवाड्याच्या अगदी वेशीवर झाला. जामखेड अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात येतं, पण बीडचे आष्टी, पाटोदा हे तालुके त्याला लागूनच आहेत. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. लवकरच बहात्तरचा दुष्काळ पडला. पोटात अन्न नसलेल्या पोराला औषध देऊन काही होत नाही, हे दुष्काळात कुणी शिकवावं लागत नाही. मग पाणी, मुलांचं जेवण, शेतकऱ्यांची मंडळं, महिला मंडळं ही सगळी दवाखान्याचीच कामं ठरली. कूपनलिका दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी बाकी गावाला तिथे यावं लागलं. आरोग्याच्या नावाखाली झालेलं ते सामाजिक काम होतं. गावातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार करण्याची पद्धतही तिथलीच. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इकडे अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ सुरू केलं. लोहिया पेशाने डॉक्टर, पण संस्थेचं काम पाणी, शेती, महिलांचे प्रश्न असं पसरत गेलं. मराठवाड्यात हे वारंवार दिसतं. डॉक्टर गावात जातो आणि वर्षा-दोन वर्षांत पाणलोटाबद्दल बोलायला लागतो.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक उशिरा झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, ५२ गावं नव्याने वसवावी लागली. मदत इतकी आली की ती कुठे न्यायची हाच प्रश्न झाला. रस्त्यालगतच्या गावात ट्रकांची रांग आणि आतल्या गावात काहीच नाही, हा अनुभव तेव्हाचे लोक अजून सांगतात. अनाथ मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाने नळदुर्गला ‘आपलं घर’ उभारलं, भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली.

समन्वयाच्या दृष्टीने खरी नवी गोष्ट पुनर्वसनात घडली. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या या कार्यक्रमात घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणासाठी गावोगाव ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. त्या गावातल्याच बायका होत्या. इंजिनिअर काय म्हणतो ते घराला सांगायचं, घराची अडचण इंजिनिअरला सांगायची, एवढंच काम. ‘स्वयंशिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी या भागात जो पाया घातला तो हाच, आणि पुढे याच बायकांच्या गटांतून बचत, पाणी, आरोग्य अशी कामं वाढत गेली. तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांची हॅलो मेडिकल फाउंडेशन त्याच सुमारास उभी राहिली. तिने गावातल्या महिलांना ‘भारतवैद्य’, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणून प्रशिक्षण दिलं.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’, म्हणजे गावातलीच आरोग्य स्वयंसेविका, आणली, तेव्हा या भागाला ती कल्पना परकी नव्हती. दोन वर्षांनी आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात उस्मानाबाद होता. गावाने आपल्या उपकेंद्राला, पीएचसीला गुण द्यायचे आणि जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचे. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सुरुवातीला ते रुचलं नाही. पण औषधं वरूनच येत नाहीत, हे त्यांचं गाऱ्हाणंही त्याच मंडपात मांडलं गेलं.

२०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशाने घरोघरी जाऊन शेतकऱ्याला प्रश्न विचारायचे, खचलेला माणूस दिसला तर समुपदेशकाकडे पाठवायचं, १०४ क्रमांकाची हेल्पलाइनही जोडीला. कल्पना चांगली, मर्यादा उघड. झोप उडते ती कर्जाने, आणि कर्ज आरोग्य खात्याच्या हातात नाही. आत्महत्या झाल्यावर ती मदतीस पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. तोवर आशाची वही आणि तहसीलची फाइल एकमेकींना भेटलेल्याच नसतात.

आजचा सगळ्यात अवघड सांधा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीनंतर ‘कोयता’, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो, उन्हाळ्यात परततो. गरोदर बाईची नोंद बीडच्या गावात, ती राहते कारखान्यालगतच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात हे चालतं. हंगामाचे पाच-सहा महिने मात्र ही बाई दुसऱ्या जिल्ह्याच्या आशाच्या हद्दीत असते, आणि त्या आशाच्या यादीत तिचं नाव येण्यासाठी कुणीतरी ते कळवावं लागतं. ऊसतोड कामगारांचं महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे, कारखाने साखर आयुक्तालयाकडे, लसीकरण आरोग्याकडे, पोरांचा आहार अंगणवाडीकडे. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत मात्र सगळ्या जोड्या नावानिशी असतात, कारण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याने दिलेली असते.