युकुलेलेचा स्वस्त पिकअप: ‘अ‍ॅक्टिव्ह’ शब्दाचा घोळ

मदेरा बेटावरचे मजूर १८७९ मध्ये होनोलुलूला उतरले. त्यांच्या चिमुकल्या तंतुवाद्यांतून युकुलेले घडली. पुढच्याच वर्षी दोन फ्रेंच भावांनी दाखवून दिलं की काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते. या दोन गोष्टींची गाठ पडायला मात्र कित्येक दशकं गेली. इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकीय पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग, पोलादी तारेवरच चालतो. युकुलेलेची तार आधी आतड्याची, नंतर नायलॉनची, त्यामुळे तिला पीझोच, म्हणजे दाबाची वीज करणारा तो स्फटिकी पिकअपच हवा.

युकुलेले स्पीकरवर कशी न्यायची, हा प्रश्न नाशिकमध्ये ऐरणीवर आला तो टाळेबंदीनंतर. २०२० मध्ये घरी बसून शिकलेली मुलं पुढे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, सोसायटीच्या गणपतीपुढे वाजवू लागली. माईक समोर धरला तर शेजारचा ढोल आधी आत शिरतो, आवाज वाढवला की स्पीकर शिट्टी मारतो.

मग दुकानात पहिला प्रश्न: ‘अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह?’ अ‍ॅक्टिव्ह म्हणजे भारी, हा समज इथे पक्का बसलाय आणि तो चुकीचा आहे. दोन्हींत पीझो तोच असू शकतो. अ‍ॅक्टिव्हमध्ये प्रीअ‍ॅम्प (पिकअपचा नाजूक सिग्नल पुढच्या यंत्राला झेपेल असा करणारं छोटं सर्किट) आणि बॅटरी वाद्याच्या पोटात असते, एवढाच फरक. प्रीअ‍ॅम्प लागतो, कारण पीझो ज्या यंत्राला जोडायचा, त्याच्या इनपुटचा विद्युत अवरोध (इम्पीडन्स) साधारण १ मेगओहम किंवा त्याहून जास्त हवा. मांडवातल्या मिक्सरचं लाइन-इन बहुधा १० किलोओहमच्या आसपास असतं. तिथे थेट जोडलं की खर्ज गळतो आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. दोष पॅसिव्ह पिकअपच्या माथी मारला जातो. गिटार अ‍ॅम्पचं इनपुट बहुतेक वेळा १ मेगओहमचंच असतं, तिथे पॅसिव्ह छान वाजतो. मिक्सरसाठी प्रीअ‍ॅम्प बाहेर ठेवता येतो आणि तो उद्या दुसऱ्या वाद्यालाही चालतो. अ‍ॅक्टिव्हमधल्या ईक्यूच्या (खर्ज-टीप कमीजास्त करायच्या) डबीसाठी मात्र वाद्याची कड कापावी लागते. ते भोक पुन्हा बुजत नाही. शिवाय अशा बहुतेक वाद्यांत केबलची पिन खोचलेली राहिली की बॅटरी उतरते.

सर्वात स्वस्त म्हणजे बझरमधली २७ मिलिमीटरची पितळी चकती. ती आतून ब्रिजखाली (तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याखाली) दुहेरी टेपने चिकटवून, जागा बदलून बघावी. बोटांची टकटकही ती उचलते. सॅडलखालची, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या कांडीखालची पीझो पट्टी जास्त स्वच्छ ऐकू येते, पण तिच्या जाडीइतकं सॅडल खालून घासावं लागतं. तळ जरा जरी तिरपा राहिला, तर चारांतल्या एका तारेचा आवाज दबतो.