मागच्या चाकातला ड्रम: सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

नागपूरच्या अमरावती रोडवर वाडीच्या ट्रक गॅरेजांपुढे ब्रेकचे बिडाचे जड ड्रम आणि झिजून गुळगुळीत झालेले लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे अस्तर, पडलेले असतात. डिस्क ब्रेकचा, म्हणजे उघड्या चकतीला दोन्हीकडून चिमटणाऱ्या ब्रेकचा, जमाना आला म्हणतात, पण अजून कितीतरी गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रमच आहे.

जुन्या घोडागाडीत लाकडी ठोकळा थेट लोखंडी धावेवर दाबला जाई. रबरी टायर आले आणि ती युक्ती निकामी झाली. मग ड्रमला बाहेरून पट्टा आवळायची पद्धत आली. पण पावसाचिखलात हा उघडा पट्टा घसरायचा. 1901च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाखने मागच्या चाकांना ड्रम ब्रेक बसवले. 1902मध्ये लुई रेनॉने शू, म्हणजे लायनर बसवलेले कमानदार तुकडे, ड्रमच्या आत नेले. घर्षणाची जागा झाकली गेली, आणि आजचा ड्रम ब्रेक मुळात तोच आहे.

पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरमधून दोन्ही शूंना बाहेर रेटतो आणि लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात. यातली खरी गंमत पुढच्या शूची. फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढू पाहतो, त्यामुळे तो आणखी घट्ट रुततो. म्हणजे चाकच ब्रेकला मदत करतं! पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसलेल्या जमान्यात ही फुकटची ताकद फार मोलाची होती. त्या काळी शू ओढायला केबल नाहीतर सळया असत; चारही चाकांना सारखा ताण देणं म्हणजे मिस्त्रीची परीक्षाच. तेलाच्या दाबाची कल्पना माल्कम लॉकहीडने पुढे आणली आणि 1921च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले.

पण जे झाकण चिखल अडवतं, तेच उष्णताही कोंडतं. नागपूरचं मे महिन्यातलं 45 अंश ड्रमला किरकोळच. चिखलदऱ्याचा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहिलात तर आतलं तापमान शेकड्यात जातं. ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब सरकतो, लायनरची पकड सुटते, आणि पेडल खोल जातं. घाटात गिअर खाली टाका, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच. 1953च्या फ्रान्समधल्या ल मॉं मोटार शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जॅग्वार गाड्या जिंकल्या आणि या दोषाची चर्चा जगभर झाली. पुढची चाकं हळूहळू डिस्ककडे गेली. जोरात ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे ते रास्तच.

मागे मात्र ड्रम टिकला. स्वस्त आहे, आणि हँडब्रेक त्यात सहज बसतो. फोक्सवॅगनने तर आयडी.3 आणि आयडी.4 या विजेच्या गाड्यांना मागे ड्रमच दिले. तिथे मोटरच गाडीचा वेग बराचसा कमी करते, ब्रेक क्वचित वापरला जातो आणि उघड्या डिस्कला गंज चढतो. झाकलेल्या ड्रमला ती भीती कमी.